एल्डन रिंग: काळ्या सुऱ्यांच्या रात्रीमागे मारिकाचा हात होता का? (रसभंग इशारा: मूळ खेळ आणि विस्तार, दोन्ही)

गोदाकाठ (धागाकर्ता)

कॉलेज रोडच्या कट्ट्यावर सुरू झालेला वाद व्हॉट्सअ‍ॅपवर गेला आणि तिथे कोण कशाला उत्तर देतंय तेच कळेना. म्हणून इथे नीट मांडतो. ज्यांनी हा व्हिडिओ खेळ संपवलेला नाही त्यांनी इथेच थांबावं.

राणी आणि देवी मारिकाचा मुलगा गॉडविन मेला ती रात्र, म्हणजे काळ्या सुऱ्यांची रात्र. देवपुत्री रॅनीने मलिकेथकडून मृत्यूच्या रूनचा (मरण घडवणाऱ्या शक्तीचा) तुकडा चोरला, त्याची शक्ती सुऱ्यांत उतरवली, मारेकरणींनी गॉडविनला मारलं. इथवर कुणाचं दुमत नाही. त्यानंतर मारिकाने एल्डन रिंग, म्हणजे त्या जगाचे नियम धरून ठेवणारी शक्ती, फोडली.

माझं म्हणणं असं की मारिकाला हा कट आधीपासून माहीत होता, कदाचित तिनेच घडवून आणला. तीन कारणं:

१. काळ्या सुऱ्यांच्या चिलखताच्या वर्णनात लिहिलंय की मारेकरी सगळ्या बायका होत्या आणि त्या न्यूमेन वंशाच्या, मारिकाशी जवळीक असलेल्या होत्या अशी वदंता आहे. मारिका स्वतः न्यूमेन.

२. मृत्यूचा रून ज्याच्याकडे होता तो मलिकेथ मारिकाची सावली, तिचा सख्खा पहारेकरी. त्याच्याकडून चोरी इतकी सहज कशी झाली?

३. रॅनीला स्वतःचा देह टाकायचा होता, ते समजतं. पण गॉडविनच का निवडला? रॅनीच्या तोंडी याचं कारण कुठेच येत नाही.

चर्चा पुराव्यावर करू या. यूट्यूबवर कोण काय म्हणालं ते नको.

---

पुराभिलेख

गोदाकाठ, धागा चांगला काढलात. पण वाद घालण्याआधी कुठल्या साक्षीला किती वजन द्यायचं ते ठरवायला हवं. नाहीतर चिलखताचं वर्णन, एखाद्या पात्राचं बोलणं आणि खेळाच्या फायलींत सापडलेला, वापरात न आलेला संवाद हे तिन्ही एकाच तराजूत पडतात.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. नाशिकबाहेरच्या डोंगरातल्या लेण्यांना आपण सगळे पांडवलेणी म्हणतो. आतल्या शिलालेखांत पांडव नाहीत. डोंगराचं नाव तिथे त्रिरश्मी आहे, आणि दान देणारे सातवाहन, क्षहरात, व्यापारी, भिक्षू. म्हणजे लोकांच्या तोंडचं नाव ही एक साक्ष आणि दगडावर कोरलेलं ही दुसरी, वेगळ्या दर्जाची.

पण कोरलेलं आहे म्हणून ते निःपक्ष असतं असंही नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात तिचा मुलगा क्षहरात वंशाचा निःपात करणारा म्हणून गौरवलाय. ती आई आहे, आपल्या मुलाबद्दल सांगतेय. लेख अस्सल आहे, तरी तो एका बाजूचा आहे.

तेच माप इथे लावतो. सगळ्यात भक्कम ते, जे पडद्यावर घडताना दिसतं: प्रेत, खूण, पुतळा. त्याखाली वस्तूंची वर्णनं, पण वर्णन स्वतःच 'असं म्हणतात' असं सांगत असेल तर एक पायरी आणखी खाली. मग पात्रांचं बोलणं, ते कुणाच्या फायद्याचं आहे हे पाहून. फायलींतले न वापरलेले संवाद शेवटी, कारण ते निर्मात्यांनी स्वतःच बाजूला ठेवलेत.

या मापाने तुमचा पहिला मुद्दा वदंतेचा ठरतो. मजकूरच ती ऐकीव गोष्ट म्हणून सांगतो.

---

कातरवेळ

पुराभिलेखांशी सहमत. आणि न्यूमेनचा मुद्दा भाषेतूनही पाहायला हवा. जपानी मजकुरात त्या रात्रीच्या नावात सुऱ्या नाहीतच. तिथे शब्द आहे 'कटाची रात्र'. इंग्रजीने हत्यार पुढे आणलं, जपानीने कारस्थान. 'काळ्या सुऱ्यांची रात्र' म्हटलं की डोळ्यांपुढे मारेकरी येतात. 'कटाची रात्र' म्हटलं की पहिला प्रश्न पडतो, कट कुणाचा?

न्यूमेनसाठी जपानीत जो शब्द आहे तो तिथल्या लोकपरंपरेत दूरच्या जगातून येणाऱ्या पाहुण्यासाठी वापरतात. म्हणजे या बाहेरून आलेल्या बायका आणि मारिकाही बाहेरून आलेली. जवळीक असणं स्वाभाविक. माहेरच्या माणसांशी असलेलं नातं हा कटाचा पुरावा होत नाही.

---

सेव्हफाइल

तर्क वाचायला छान वाटतात, पण किती जणांनी ती खूण स्वतः हातात घेऊन वाचलीय? खेळातल्या लिउर्निया प्रदेशाच्या दैवी मनोऱ्यावर रॅनीचं जळालेलं प्रेत आहे आणि त्यापाशी मृत्यूची शापखूण मिळते. हा पडद्यावर दिसणारा पुरावा, म्हणजे पहिल्या दर्जाचा. वाट अशी:

रॅनीची नोकरी पत्करा. केलिडमध्ये राडानला हरवा, की लिमग्रेव्हच्या मिस्टवुडमध्ये उल्का पडून खड्डा होतो. त्यातून खाली नोक्रॉन. तिथे रात्रीच्या पवित्र भूमीच्या टोकाला पेटीत बोटांना मारणारं पातं आहे. ते रॅनीला नेऊन द्या. बदल्यात ती कॅरियन उलटी मूर्ती देते. ती घेऊन लिउर्नियाच्या पूर्वेकडच्या कॅरियन अभ्यासगृहात जा आणि मधल्या चौथऱ्यावर ठेवा. आख्खी इमारत उलटी होते, छत पायाखाली येतं.

इथे बहुतेकांचं चुकतं. आता तुळया आणि झुंबरांवरून खाली उतरत जायचंय, धावत नव्हे. प्रत्येक उडीआधी कॅमेरा सरळ खाली करा. वरून बोटांचे किडे पडतात, त्यांनी धक्का दिला की सरळ दरीत. पुढे पुलावर गॉडस्किन नोबल आहे. तो नको असेल तर त्याला चुकवून मनोऱ्याच्या दारापर्यंत पळता येतं. वर लिफ्टने जा. पेटीतलं स्टारगेझर हेअरलूमही घ्या, बुद्धीला ५ मिळतात, पुढे लागेल.

शापखुणेत लिहिलंय की ती पूर्ण वर्तुळ व्हायला हवी होती, पण दोन देवपुत्र एकाच क्षणी मेल्याने तिचे दोन अर्धे झाले. रॅनीचा देह मेला, गॉडविनचा फक्त आत्मा. फिया या पात्राला ती देण्याआधी मजकुराचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

---

गोदाकाठ

सेव्हफाइल, धन्यवाद, नेमकं हेच हवं होतं. पण पाहा, ही खूण माझ्याच तिसऱ्या मुद्द्याला धार लावते. विधीला एकाच क्षणी दोन मृत्यू हवे होते. एकाचा आत्मा उरावा म्हणून दुसऱ्याचा जावा लागला. हे मान्य. पण तो दुसरा कुणीही देवपुत्र चालला असता. गॉडविन मारिकाचा मुलगा, सगळ्यांत लाडका. त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या मारेकरणी राजवाड्याच्या आतल्या माणसांपैकीच असणार.

---

पुराभिलेख

'सगळ्यांत लाडका' कुठे लिहिलंय?

---

गोदाकाठ

बरोबर आहे, तो माझा शब्द. मागे घेतो. पण आतल्या माणसांचा मुद्दा ठेवतो.

---

नववीतलं_गणित

रॅनीची कबुली कुणी धरलीच नाही. स्टॉर्मव्हेलच्या तळाशी त्या विद्रूप चेहऱ्यापाशी रक्ताचा डाग आहे. तो पाहून गोलमेज सभागृहात रोजिए या पात्राशी बोला. मग लिउर्नियातल्या काळ्या सुऱ्यांच्या भुयारात जा. तिथे मुख्य शत्रू स्मशानछाया आहे, पण काम तिच्याशी नाही. एक खोटी भिंत आहे. ती फोडली की मागे काळी मारेकरीण, आणि तिला मारल्यावर सुरीचा ठसा. तो रोजिएला दाखवा. तो वाचून रॅनीचं नाव सांगतो. रॅनीही पुढे मान्य करते की तुकडा आपणच चोरला आणि आपला देह आपणच मारला.

आता पुराभिलेखांचं माप लावा. रॅनी हे तिला अडचणीत आणणारं बोलतेय. स्वतःच्या विरुद्ध दिलेली साक्ष जड धरतात. तिला मारिकाच्या नावावर ढकलायची सोय होती, तिने ढकललं नाही.

क्रम चुकवू नका. रोजिए थोड्या वेळाने झोपेत जातो आणि परत बोलत नाही. ठसा उशिरा नेला तर त्याचं वाचन ऐकायला मिळणार नाही.

---

कातरवेळ

नववीतलं_गणित यांचा मुद्दा पक्का आहे, पण त्याने मारिका सुटत नाही. रॅनी स्वतःपुरती खरी बोलली तरी मारेकरणींना कुणी पाठवलं हे तिलाही पूर्ण माहीत असेलच असं नाही. दोघींचे हेतू वेगळे आणि रात्र एकच असू शकते. मलिकेथ इतका सहज फसला, याचं उत्तर रॅनीच्या कबुलीत नाही.

---

हातोडा_आणि_छिन्नी

उशिरा आलो. मारिकाच्या मनात काय होतं ते शोधताना तुम्ही सगळे हत्येभोवती फिरताय. तिच्या मनाचा थेट पुरावा फोडण्याच्या क्षणाचा आहे, तिथे जा.

पहिला पुरावा मारिकाचा हातोडा. शेवटच्या लढाईनंतर मिळणारं एल्डन स्मरण एनिया या पात्राला दिलं की तो घेता येतो. वर्णन सरळ आहे: याच हातोड्याने मारिकाने रिंग फोडली आणि याच हातोड्याने तिच्या नवऱ्याने, रॅडागॉनने, ती सांधायचा प्रयत्न केला. इथे वदंता नाही.

दुसरा पुरावा लेंडेलमध्ये. राणीच्या शयनगृहापाशी, प्रवासात सोबत करणाऱ्या मेलिनाला मारिकाचे शब्द ऐकवू द्या. त्यात मारिका रॅडागॉनला आपलंच दुसरं रूप म्हणून हाक मारते आणि दोघांनीही फुटावं असं म्हणते. म्हणजे एकाच देहात दोन इच्छा, आणि एक जण दुसऱ्याला हरवू पाहतोय.

तिसरा, पुतळ्याचा. रॅडागॉनच्या पुतळ्यासमोर लॉ ऑफ रिग्रेशन हा मंत्र म्हटला की पुतळा मारिकाचा होतो. आपल्याकडच्या जोगळटेंभीच्या नाण्यांसारखं आहे हे. १९०६ साली सापडलेल्या त्या साठ्यात तेरा हजारांहून जास्त नाणी होती, त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर क्षहरात राजा नहपानाच्या मुद्रेवर बलश्रीच्या मुलाने, गौतमीपुत्राने, आपला ठसा मारलाय. खालचा चेहरा पुसलेला नाही, दोन्ही दिसतात. पुतळ्याचंही तसंच, दोन्ही एकाच दगडात आहेत.

तर तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: कटात हात असो वा नसो, मारिकाला व्यवस्था मोडायचीच होती. गॉडविनच्या मृत्यूने तिला वेळ मिळाली.

---

मिस्टवुड_वरून

पुतळ्यासाठी बुद्धी ३७ लागते ना? माझं पात्र ताकदीवरचं आहे, बुद्धी ९. ते बघायला नवा खेळ सुरू करावा लागेल का?

---

हातोडा_आणि_छिन्नी

नाही. मंत्राला श्रद्धेची अट नाही, फक्त बुद्धी ३७, आणि ती तात्पुरती वाढवली तरी चालते.

ट्विनसेज ग्लिंटस्टोन क्राउन: ६
स्टारगेझर हेअरलूम: ५
गॉड्रिकचा महारून, रून आर्क वापरून: ५
फिजिकमध्ये (मिश्रणाच्या बाटलीत) बुद्धीची गाठ असलेला अश्रू: १०

बेरीज २६. मूळ बुद्धी ११ असली की झालं. तुम्हाला २ वाढवायच्या आहेत, म्हणजे दोन लेव्हल.

क्रम असा ठेवा. गॉड्रिकचा रून लिमग्रेव्हच्या दैवी मनोऱ्यात जागा करून घ्या, नुसता खिशात असून चालत नाही. मंत्र म्हणायला हातात सील लागतं. गोलमेज सभागृहात जुळ्या कुमारिकांकडे फिंगर सील ८०० रूनना (इथे रून म्हणजे खेळातलं चलन) मिळतं. मंत्रासाठी लेंडेलच्या एर्डट्री सँक्चुअरीतून गोल्डन ऑर्डर प्रिन्सिपिया आणून लिउर्नियातल्या चर्च ऑफ व्हाउजच्या मिरिएल कासवाला द्या, मग तो ते शिकवतो. मंत्र आधी ग्रेसपाशी (विश्रांतीच्या जागी) लावून ठेवा. पुतळ्यासमोर उभं राहून मगच फिजिक प्या, कारण अश्रूचा परिणाम तीन मिनिटंच टिकतो. धावत येताना प्यायलात तर वाटेतच संपेल.

आणि हे सगळं मलिकेथला मारण्याआधी उरका. नंतर राजधानी राखेत बुडते.

---

तिन्हीसांज

मूळ वादाला चिकटूनच एक बाजूचा प्रश्न. मेलिनाच ग्लोम आयड क्वीन (देवांना मारणाऱ्यांची राणी, मृत्यूचा रून आधी जिच्याकडे होता असं मानतात), हे कितपत धरायचं? कारण ते खरं असेल तर मृत्यूच्या रूनचा सगळा इतिहास मारिकाच्या घरातला होतो आणि गोदाकाठ यांच्या बाजूला वजन येतं.

बाजूने:
तीन बोटांच्या (वेडाची ज्वाळा देणाऱ्या शक्तीच्या) ज्वाळेचा शेवट घेतला की मेलिनाचा एरवी मिटलेला डावा डोळा उघडतो आणि त्याचा रंग धुरकट, सांजेसारखा दिसतो. ती नियत मृत्यू घेऊन येईन असं म्हणते. तिची कट्यार पाहा. तिचं कौशल्य सोन्याच्या पात्याचं, काळ्या सुरीचं कौशल्य मृत्यूच्या पात्याचं. दोन्ही एकमेकींच्या जोडीला बसावीत अशी बेतली आहेत. विस्तारात मारिकाचा मुलगा मेस्मर याच्या सरपणाच्या वर्णनात त्याच्या धाकट्या बहिणीचा उल्लेख आहे, तिच्याही ठायी आगीचं दर्शन होतं. नाव नाही, पण आगीसाठी जळणारी मुलगी या खेळात दुसरी कोण आहे?

विरुद्ध:
केलिडच्या दैवी मनोऱ्याच्या तळाशी मिळणाऱ्या गॉडस्लेअर तलवारीच्या वर्णनानुसार त्या राणीला मलिकेथने हरवलं. मेलिना मॉरगॉटच्या लढाईत मदतीला येते तेव्हा सगळी जादू सोनेरी वापरते, काळ्या ज्वाळेचा लवलेश नाही.

---

कातरवेळ

या नावावर माझा जीव आहे, म्हणून थोडं सविस्तर. जपानीत त्या राणीच्या नावात 'सांज' आहे, सूर्य गेल्यावरची वेळ. अंधार नव्हे. मराठीत याला नेमका शब्द आहे: कातरवेळ. दिवस आणि रात्र कातरीने वेगळे केल्यासारखी वेळ, जिला आपल्या घरांत दिवा लावतात. काही मराठी चर्चांत 'काळोख्या डोळ्यांची राणी' लिहितात, ते चूक आहे. काळोख म्हटलं की ती मृत्यूची मालकीण वाटते. कातरवेळ म्हटलं की ती उंबरठ्यावर उभी दिसते. मेलिनाचा डोळाही काळा नाही, धुरकट आहे. माझ्या मते रंगाचं जुळणं अपघाती नाही.

पण 'ती तीच आहे' आणि 'ती तिची लेक, वारस किंवा उरलेला अंश आहे' या दोन वेगळ्या गोष्टी. डोळा दोन्हींत सारखाच दिसेल. पडद्यावरचा पुरावा यातलं एक निवडत नाही.

---

सेव्हफाइल

तो शेवट बघायचा असेल तर मेलिनाचे बाकीचे संवाद आधी संपवा. तीन बोटांना भेटलात की ती निघून जाते आणि चर्चमधले, ग्रेसपाशचे मारिकाचे शब्द तिच्या तोंडून परत मिळत नाहीत. नंतर मलेनियाच्या कमळातून मिळालेली मिकेलाची सुई प्लॅसिडुसॅक्स ड्रॅगनच्या रिंगणात वापरली तर ज्वाळेचा शाप जातो, बाकीचे शेवट पुन्हा खुले होतात, पण मेलिना परतत नाही. त्या सुईसाठी मिलिसेंटची कथा तिच्या बाजूने पूर्ण करावी लागते, बहिणींच्या लढाईत सोनेरी खूण निवडून.

पीसीवर जतन केलेल्या खेळाची प्रत ठेवणं सोपं आहे. अ‍ॅपडेटाच्या रोमिंगमध्ये एल्डनरिंग फोल्डर, त्यात तुमच्या स्टीम क्रमांकाचा फोल्डर, त्यात ईआर००००.एसएल२. खेळ पूर्ण बंद करून ती फाइल बाहेर कॉपी करा. एक कॉपी तीन बोटांच्या दाराआधी, दुसरी शेवटच्या राक्षसाला मारून मारिकाच्या भग्न मूर्तीसमोर. दुसऱ्या कॉपीवरून तुम्ही उघडलेले सगळे शेवट एकामागून एक पाहता येतात. स्टीम क्लाउड सुरू असेल तर तो जुनी फाइल परत आणू शकतो, कॉपी बदलताना बंद ठेवा. पीएस५ वर ऑनलाइन साठवणुकीत चढवलेली प्रत हाच मार्ग.

---

नववीतलं_गणित

सेव्हफाइलच्या यादीत एक भर. तुम्ही पाहिलेला मजकूर कुठल्या आवृत्तीचा आहे तेही लिहा. मार्च २०२२ च्या १.०३ मध्ये डायलोस, नेफेली, केनेथ आणि गोस्टॉक यांच्या कथांचे नवे टप्पे आले. त्याआधीच्या व्हिडिओंवरून 'या पात्राचं पुढे काहीच होत नाही' असं अजूनही सांगितलं जातं. जुनी साक्ष नव्या खटल्यात चालत नाही.

---

पुराभिलेख

आता गोदाकाठ यांच्या तीन मुद्द्यांकडे परत. मेलिना मारिकाची मुलगी, हे विस्तारानंतर जवळजवळ धरायला हरकत नाही. ती कातरवेळेची राणी, हे शक्य आहे पण सिद्ध नाही. त्यावर तिसरा मजला चढवून 'म्हणून कट मारिकाचा' म्हणता येत नाही.

मलिकेथचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. त्याच्याकडून तुकडा गेला, हे सगळे मानतात. कसा गेला, हे कुठेच दाखवलेलं नाही. बाकी सगळ्या घटनांच्या खुणा जमिनीवर आहेत: प्रेत, ठसा, हातोडा, पुतळा. या एका चोरीचीच जागा रिकामी आहे.

---

गोदाकाठ

मग माझं विधान बदलतो. 'मारिकाने कट केला' हे मागे घेतो. 'मारेकरणी तिच्या माहेरच्या होत्या असं म्हणतात, चोरी तिच्या पहारेकऱ्याकडून झाली, आणि ती अडवल्याची एकही खूण मिळत नाही' एवढं ठेवतो. धाग्याच्या शीर्षकातला प्रश्न तसाच ठेवतोय.

या आठवड्यात मलिकेथच्या वाटेवर फारुम अझुलामधली प्रत्येक वस्तू परत वाचतोय, विशेषतः पशुपुरोहितांच्या बाजूची. कुणी गुरांकशी (तो मलिकेथच, दुसऱ्या नावाने) ड्रॅगनबरोच्या पशुमंदिरात सगळी मृत्युमुळं देऊन बोललं असेल तर त्याचे संवाद क्रमाने इथे लिहा. किती मुळं दिल्यावर कुठलं वाक्य आलं, आकड्यासह.

---

मिस्टवुड_वरून

मी पाच दिली आहेत, उरलेल्यांची यादी करतोय. पुतळा झाला. दोन लेव्हल वाढवल्या आणि बरोबर ३७ भरले.